बुधवारचा इशारा आणि शेवटची होडी

आश्विन सरत येतो तेव्हा कोकणच्या किनारपट्टीवर दोन कामे एकाच वेळी ऐन भरात असतात. हळव्या आणि निमगरव्या भाताची कापणी चाललेली असते, कापलेल्या पेंढ्या शेतातच वाळत पडलेल्या असतात. आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्यात उतरलेल्या नौका अनेक दिवसांच्या फेरीसाठी खोल पाण्यात गेलेल्या असतात. पाऊस संपला, आभाळ निवळले, समुद्र शांत झाला, अशी सर्वांची समजूत असते. नेमक्या याच दिवसांत शेकडो मैल दूर समुद्रावर हवेचा दाब चार-दोन अंशांनी उतरतो आणि वेधशाळेच्या पत्रकात एक ओळ उमटते : ‘कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होण्याची शक्यता.’ शहरातील वाचक ही ओळ वाचून पान उलटतो. परंतु जो शेतकरी उघड्या शेतात वर्षाचे धान्य पसरून बसला आहे आणि जो तांडेल किनाऱ्यापासून दीडशे मैलांवर जाळे टाकून बसला आहे, त्याचे सारे भवितव्य त्या एका ओळीत सामावलेले असते.

सोमवारी कमी दाब, बुधवारी चक्रीवादळ आणि आठवडा संपण्यापूर्वी किनारा, असा या शरद ऋतूतील वादळांचा प्रवास वारंवार दिसून आला आहे. ९ ऑक्टोबर २०१३ या बुधवारी ‘फायलिन’ चक्रीवादळ झाले आणि शनिवारी ते गोपाळपूरला धडकले. २३ ऑक्टोबर २०२४ या बुधवारी ‘दाना’ चक्रीवादळ झाले आणि गुरुवारच्या रात्री ते ओडिशाच्या किनाऱ्यावर आले. ‘फयान’ तर ११ नोव्हेंबर २००९ या बुधवारीच अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. म्हणजे देशाच्या हाती असतात ते जेमतेम दोन ते चार दिवस. या दिवसांत राष्ट्र काय करते, हाच खरा प्रश्न आहे. वादळ थांबविणे कोणाच्याही हाती नाही. त्याची वार्ता शेवटच्या माणसापर्यंत वेळेवर नेणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.

शरदातील वादळांचे गणित

ऐन पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे एकामागून एक तयार होतात. पण त्यांची मोठी चक्रीवादळे क्वचितच होतात. त्या काळात खालच्या थरात नैर्ऋत्येचे आणि उंचावर पूर्वेचे जोरदार वारे वाहत असतात. या ओढाताणीत ढगांचा उभा स्तंभ टिकत नाही. मोसमी वारे माघारी फिरले की ही ओढाताण कमी होते. समुद्र मात्र उन्हाळ्यापासून साठविलेली उष्णता धरून असतो. पृष्ठभागाचे तापमान साडेसव्वीस अंशांच्या वर असले, हवेत भरपूर बाष्प असले आणि वरचे वारे अनुकूल असले, की साधे कमी दाबाचे क्षेत्र बघता बघता बळ धरते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाने या वाढीच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरपर्यंत पोहोचला की कमी दाबाचे क्षेत्र ‘डिप्रेशन’ ठरते. ६२ किलोमीटर ओलांडले की चक्रीवादळ. ८९ पासून पुढे तीव्र, ११८ पासून अतितीव्र आणि २२२ च्या वर गेले की महाचक्रीवादळ. एका पायरीवरून दुसरीवर जाण्यास कधी दोन दिवस लागतात, तर कधी काही तासच पुरतात. पूर्वानुमान करणाऱ्याची कसोटी येथे लागते. एकदा केंद्र नीट बांधले गेले, म्हणजे त्याचा मार्ग सांगणे तुलनेने सोपे असते. केंद्र बांधले जाण्यापूर्वी, दाब नुकताच उतरू लागलेला असताना ते कोठे बांधले जाईल आणि किती वेगाने बळावेल, हे सांगणे सर्वांत कठीण. अंदमानजवळ जन्मलेल्या वादळाला किनारा गाठण्यास दूरचा पल्ला असतो, म्हणून अवधी मिळतो. कन्याकुमारीजवळ किंवा रत्नागिरीच्या समोर जन्मलेले वादळ तो अवधीही देत नाही.

परंपरा : अभिमानाची आणि अभ्यासाची

पावसाचे मोजमाप आणि त्याचा अंदाज हे विषय इंग्रजांनी या देशाला शिकविले, असे मानणारा एक वर्ग आजही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी पर्जन्यमापनाचे पात्र ठेवण्याची आज्ञा आहे, निरनिराळ्या प्रदेशांच्या पर्जन्याचे प्रमाण द्रोण या मापात दिले आहे आणि अपरान्ताचा, म्हणजे आपल्या कोकणाचा, पाऊस अमित म्हणून सांगितला आहे. पावसाचे कोणत्या महिन्यांत किती वाटप व्हावे, म्हणजे शेती सुफळ होईल, याचाही हिशेब तेथे आहे आणि त्या हिशेबात आश्विन-कार्तिक जमेस धरलेले आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेपासून वर्षणापर्यंतच्या लक्षणांना स्वतंत्र अध्याय दिले आहेत. महाराष्ट्रातील हादगा हे सूर्य हस्त नक्षत्रात शिरण्याशी बांधलेले लोकव्रत आहे. पाटावर रेखलेला तो हत्ती म्हणजे मुलींच्या खेळातून जपलेले ऋतुभानच होय.

परंतु या वारशाचा अभिमान बाळगणे आणि त्यावर विसंबून राहणे यांत अंतर आहे. हस्त, चित्रा, स्वाती या नक्षत्रांत पाऊस येऊ शकतो, एवढे परंपरा सांगते. तो येत्या बुधवारी येणार की शुक्रवारी, दापोलीत येणार की देवगडात, हे सांगण्यासाठी उपग्रह, रडार आणि संगणकच हवेत. वराहमिहिराचे खरे वारस ते, जे त्याच्याप्रमाणे निरीक्षण करतात, नोंद ठेवतात आणि पडताळा पाहतात. केवळ त्याचे नाव घेणारे त्याचे वारस ठरत नाहीत.

इशारा बंदरासाठी, खेड्यासाठी नव्हे

आधुनिक इशारायंत्रणेच्या जन्माची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, तोही बुधवारच होता, कोलकाता येथे भीषण चक्रीवादळ आले. त्यात आणि त्यासोबतच्या समुद्राच्या लाटेत हजारोंचे बळी गेले. पुढच्याच वर्षी इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली, पण कोणासाठी? कोलकात्याच्या बंदरासाठी, म्हणजे तेथे नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांसाठी. १८७५ साली हवामान विभाग स्थापन झाला. बंदरावर बावटा चढू लागला. जहाजाचा कप्तान तो पाही, विमा कंपनीचा माणूस तो पाही. दहा मैल आत असलेल्या खेड्यातील शेतकऱ्याला तो दिसत नव्हता आणि दिसावा अशी योजनाही नव्हती. परकीय सत्तेने आपल्या व्यापाराच्या रक्षणासाठी उभी केलेली यंत्रणा याहून निराळी असण्याचे कारण नव्हते. खंत याची, की स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके यंत्रणेचा तोंडवळा तोच राहिला. इशारा ‘दिला’ की कर्तव्य संपले, ही त्या काळाची देणगी. इशारा ‘पोहोचला’ का, हे विचारण्याची सवय स्वतंत्र राष्ट्राने स्वतःला लावून घ्यावयाची होती. ती लागण्यास फार मोठी किंमत मोजावी लागली.

नाकारलेला संगणक

हवामानाचे पूर्वानुमान म्हणजे प्रचंड आकडेमोड. १९८० च्या दशकात त्यासाठी भारताने अमेरिकेकडे शक्तिशाली क्रे महासंगणक मागितला. हा देश त्याचा वापर अण्वस्त्रांसाठी करील, या शंकेने तो नाकारण्यात आला. मिळाला तो कमी क्षमतेचा, आणि तोही कडक अटींसह. या नकारातून पुण्यात १९८८ साली सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ साकारला. ज्या पुण्यात १९२८ पासून शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिस’मधून हवामानाचा कारभार चालत आला, त्याच पुण्यातील उष्णकटिबंधीय हवामान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ आणि २०२४ साली ‘अर्क’ हे महासंगणक कार्यरत झाले. २०१३ मध्ये इन्सॅट-३डी, २०१६ मध्ये इन्सॅट-३डीआर आणि २०२४ मध्ये इन्सॅट-३डीएस हे उपग्रह अवकाशात गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने दोन हजार कोटी रुपयांच्या ‘मिशन मौसम’ला मंजुरी दिली. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या जाळीवर अंदाज वर्तविणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली.

या स्वावलंबनाची परीक्षा फायलिनच्या वेळी झाली. काही परदेशी संस्था आणि तज्ज्ञ हे वादळ १९९९ च्या महाचक्रीवादळासारखे किंवा त्याहूनही भयंकर ठरेल, असे सांगत होते. भारतीय वेधशाळा तीव्रता दडवीत आहे, असेही सुचविण्यात आले आणि आपल्याकडील काही माध्यमांनी नेहमीच्या उत्साहाने परदेशी आकडेच उचलून धरले. विभागाचे तत्कालीन महासंचालक डॉ. एल. एस. राठोड यांच्या चमूने ताशी २१० ते २२० किलोमीटरच्या वेगाचा आपला अंदाज सोडला नाही. वादळ साधारण त्याच वेगाने आले. विज्ञानाचा आत्मविश्वास म्हणतात तो हाच. गोऱ्या माणसाने सांगितले म्हणजे खरे, या मानसिकतेला इतके मुद्देसूद उत्तर क्वचितच मिळाले असेल.

तेच चार दिवस

ओडिशाची दोन वादळे शेजारी ठेवून पाहावीत. २५ ऑक्टोबर १९९९ या सोमवारी अंदमानच्या समुद्रात डिप्रेशन तयार झाले आणि शुक्रवारी, २९ तारखेला, महाचक्रीवादळ पारादीपजवळ किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात समुद्र कित्येक किलोमीटर आत शिरला. अधिकृत आकड्यांनुसारच दहा हजारांच्या जवळपास माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ मध्ये फायलिन मंगळवारी डिप्रेशन झाले आणि शनिवारी किनाऱ्यावर आले. दहा लाखांच्या घरात लोकांना, तेही ऐन नवरात्रात, सुरक्षित ठिकाणी हलविण्यात आले. मृतांची संख्या काही दशकांत राहिली.

तोच किनारा, तोच ऋतू, तेच चार दिवस. फरक पडला तो कशाने? १९९९ सालीही इशारा दिला गेला होता, हे विसरून चालणार नाही. परंतु जेमतेम दहा-बारा दिवसांपूर्वी गंजाममध्ये एक वादळ येऊन गेले होते आणि प्रशासन त्याच्या मदतकार्यात गुंतले होते. आसऱ्याला पुरेशा पक्क्या इमारती नव्हत्या. कोणते गाव कोणी, कोणत्या वाटेने, कोठे न्यावयाचे, हे ठरलेले नव्हते. वादळानंतर एरसमाच्या चिखलातून मृतदेह काढून त्यांवर अंत्यसंस्कार करण्याचे काम संघाच्या स्वयंसेवकांनी केले. त्या सेवेची आठवण ओडिशा आजही ठेवते. पण ज्या समाजाला आपल्या सेवाव्रतींच्या हाती प्रेते द्यावी लागतात, त्याने त्या सेवेच्या गौरवावर समाधान मानू नये. सेवेचे श्रेष्ठ रूप ते, ज्यात प्रेते उचलण्याची वेळच येत नाही.

ओडिशाने हा धडा घेतला. त्याच वर्षी राज्याचे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झाले. किनाऱ्यावर शेकडो बहुउद्देशीय निवारे बांधले गेले. गावागावांत तरुणांची पथके तयार झाली. म्हाताऱ्यांना कोण उचलणार, गरोदर स्त्रियांना कधी हलविणार, गुरांचे दावे कोण सोडणार, हे ठरले. २०२४ च्या दाना वादळात काही लाख लोक आधीच हलविण्यात आले आणि राज्यात वादळाने एकही बळी घेतला नाही, असे मुख्यमंत्री जाहीर करू शकले. पंचवीस वर्षांचे हे अंतर एकट्या संगणकाने कापलेले नाही. ते समाजाने कापले आहे.

अरबी समुद्राचा प्रश्न

आता पश्चिम किनाऱ्याकडे वळावे. येथे वादळे कमी येतात, म्हणून सावधपणाही कमी. फयानच्या वेळी रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक नौका समुद्रात होत्या. कित्येक खलाशी परतलेच नाहीत. ‘ओखी’ची कथा याहून बोलकी आहे. २९ नोव्हेंबर २०१७ या बुधवारी श्रीलंकेजवळ डिप्रेशन झाले आणि दुसऱ्याच दिवशी कन्याकुमारीजवळ त्याचे चक्रीवादळ झाले. केरळ आणि तामिळनाडूच्या खोल समुद्रातील नौका त्यापूर्वीच निघून गेलेल्या होत्या. बुधवारचा इशारा किनाऱ्यावर अचूक पोहोचला असता, तरी त्यांच्यापर्यंत तो नेणार कोण? किनाऱ्यापासून काही मैल गेले की मोबाइल मुका होतो. त्या नौकांपैकी काही वाऱ्याच्या रेट्यात उत्तरेकडे येऊन देवगडच्या आसऱ्याला लागल्या आणि कोकणी माणसाने त्या परप्रांतीय दर्यावर्दींना आपले मानून सांभाळले. पण ज्यांना देवगड गाठता आले नाही, त्यांच्या घरी आजही दार उघडे ठेवून वाट पाहिली जात असेल.

‘क्यार’ने किनाराही ओलांडला नाही. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी रत्नागिरीच्या पश्चिमेला डिप्रेशन झाले, तेव्हा महाराष्ट्राचे डोळे विधानसभेच्या मतमोजणीकडे लागले होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याचे महाचक्रीवादळ झाले आणि ते ओमानच्या दिशेने निघून गेले. जाता जाता त्याने कोकणाला उधाण आणि पाऊस दिला. शेतात पडलेल्या भाताच्या पेंढ्या भिजल्या, दाण्याला कोंब फुटले. वाऱ्याने एकही छप्पर न उडता घरातले वर्षाचे धान्य गेले. वादळ कोठे धडकणार, एवढेच सांगणारा इशारा शेतकऱ्याच्या किती अपुऱ्या उपयोगाचा आहे, हे त्या दिवाळीने दाखवून दिले.

काय केले पाहिजे

पहिली गोष्ट वेळेची. कृषिहवामान सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, प्रसृत होतो. बुधवारी बळावणारे वादळ या दोन वारांच्या नेमके मध्ये येते. दैनंदिन इशारे निघतात हे खरे. पण ‘कापणी थांबवा, कापलेले झाकून घ्या, उभे असेल तर चार दिवस उभेच ठेवा’ अशी शेतकऱ्याच्या कामाची भाषा त्या इशाऱ्यांत अभावाने आढळते. कमी दाबाचे क्षेत्र दिसताच किनारपट्टीच्या तालुक्यांसाठी रोजचा शेतीसल्ला निघाला पाहिजे. कृषिविज्ञान केंद्रांतील जिल्हास्तरीय हवामान कक्ष हे काम करीत होते. २०२४ च्या प्रारंभी ते बंद करण्यात आले. सरकार आपल्या विचाराचे असले म्हणून या निर्णयाला दूरदृष्टीचे म्हणता येणार नाही. महासंगणकावर कोट्यवधी खर्च करणाऱ्या राष्ट्राला त्याचे निष्कर्ष तालुक्यापर्यंत नेणारा माणूस महाग वाटू नये.

दुसरी गोष्ट साधनांची. २०१९ मध्ये उपग्रहावरून खोल समुद्रात इशारे पोहोचविणारे ‘जेमिनी’ उपकरण आले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी पालघर येथे इस्रोने विकसित केलेल्या, नौका आणि किनारा यांच्यात दुहेरी संपर्क साधणाऱ्या यंत्रणेचा शुभारंभ केला. एक लाख नौकांवर ती बसविण्याची योजना आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र ते यंत्र चालू आहे की फळीवर बंद पडले आहे, हे प्रत्येक फेरीपूर्वी पाहण्याची जबाबदारी मच्छीमार सहकारी संस्थांनी उचलली पाहिजे. लहान होड्यांना मोठ्या नौकांच्या मागे ठेवून चालणार नाही. धोका त्यांनाच अधिक असतो.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट विश्वासाची. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या चघळला आहे. त्या विनोदाचे दिवस आता सरले पाहिजेत. वादळाच्या मार्गाच्या चोवीस तास आधीच्या अंदाजातील सरासरी चूक गेल्या दोन दशकांत सुमारे निम्म्यावर आली आहे. तरीही ती शून्य कधीच होणार नाही. इशाऱ्यावरून नौका परत फिरली आणि वादळ दुसरीकडे वळले, तर डिझेल, बर्फ आणि खलाशांची मजुरी वाया जाते. दोनदा असे झाले की तिसऱ्या वेळी ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट घडते. म्हणून इशारा मानून परतणाऱ्याचा तोटा सर्व समाजाने वाटून घेतला पाहिजे. शासनाने अशा वाया गेलेल्या फेऱ्यांसाठी निश्चित साहाय्य ठरवावे. मृत्यूनंतर वारसांना दिल्या जाणाऱ्या लाखांच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे.

उरते ते समाजाचे काम. प्रत्येक किनारी गावात मंदिर आहे, ध्वनिक्षेपक आहे, भजनी मंडळ आहे, महिला बचत गट आहे, शाखा आहे. कोणते घर एकट्या वृद्धाचे आहे, कोणाची होडी अजून बाहेर आहे, कोणाचे भात उघड्यावर आहे, हे कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही, शेजाऱ्याला दिसते. इशारा येताच त्या घरांचे दार ठोठावणारी दहा माणसे प्रत्येक गावात आधीपासून ठरलेली असावीत. त्यांनी वर्षातून एकदा, नवरात्राच्या आधी, त्याचा सरावही करावा.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी अंत्योदयाचा विचार मांडला तो अर्थकारणाच्या संदर्भात. पण रांगेतील शेवटचा माणूस ही कसोटी ज्ञानालाही लागू आहे. पुण्याच्या महासंगणकात तयार झालेला अंदाज तेथेच अचूक ठरून भागत नाही. बुधवारच्या संध्याकाळी शेवटची होडी जेटीला बांधली गेली आणि शेवटची पेंढी खळ्यावर झाकली गेली, म्हणजेच तो अंदाज पूर्ण झाला.